फिल्टर बदलला की निवडलेल्या ओळींचे काय होते?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय निरनिराळ्या रूपांत आला आहे: वेब ॲपमधील डेटा ग्रिडमध्ये, म्हणजे ओळी-स्तंभांच्या तक्त्यात, ओळी फिल्टर करणे आणि त्यांतून काही ओळी निवडणे. म्हणून इतर विषयांवरील पत्रे पुढील अंकासाठी राखून ठेवली आहेत, आणि सारखे प्रश्न असलेली पत्रे एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: आमच्या ॲपमधील अर्जांच्या ग्रिडमध्ये प्रत्येक ओळीपुढे चेकबॉक्स आहे. एका सहकाऱ्याने ‘प्रलंबित’ हा फिल्टर लावून काही अर्ज निवडले, नंतर फिल्टर बदलून ‘अपूर्ण’ अर्ज पाहिले, त्यांतले दोन निवडले आणि ‘रद्द करा’ हे बटण दाबले. दोन्ही फिल्टरांमधले अर्ज रद्द झाले. याच ग्रिडमध्ये तारखेनुसार क्रम लावला की कधीकधी भलत्याच ओळींवर टिक दिसते. हे दोन्ही दोष एकाच कारणाचे आहेत का, आणि फिल्टर बदलताच निवड पुसून टाकणे हाच उपाय आहे का?

उत्तर: कारणे दोन आहेत आणि ती वेगळी ठेवून पाहिली पाहिजेत. भलत्या ओळीवर टिक दिसणे हा सरळसरळ प्रोग्रामिंगचा दोष आहे. न दिसणारे अर्ज रद्द होणे हा मात्र एक निर्णय कोणीच न घेतल्याचा परिणाम आहे. तो निर्णय कोडने आपल्या परीने घेऊन टाकला, इतकेच.

आधी पहिला दोष घेऊ. समजा, यादीत ५०१ ते ५०८ या क्रमांकांचे आठ अर्ज आहेत आणि वापरकर्त्याने तिसऱ्या व पाचव्या ओळीवर, म्हणजे ५०३ आणि ५०५ वर टिक केली. मोजणी शून्यापासून सुरू होत असल्यामुळे कोडने निवड म्हणून २ आणि ४ हे इंडेक्स, म्हणजे यादीतल्या जागांचे क्रमांक, जपून ठेवले. आता असा फिल्टर लावला, की ५०१, ५०३, ५०६ आणि ५०८ एवढेच अर्ज उरतात. या नव्या यादीत २ या इंडेक्सवर ५०६ आहे, आणि ४ या इंडेक्सवर काहीच नाही. म्हणजे ५०३ समोर दिसत असूनही त्याची टिक गेली आणि ज्याला कोणी हातही लावला नव्हता त्या ५०६ वर ती जाऊन बसली. अशा वेळी ‘रद्द करा’ दाबले तर ५०६ रद्द होईल, आणि नोंदवहीत सगळे नियमाप्रमाणे झाल्याचे दिसेल.

ओळीची जागा ही ओळीची ओळख नव्हे. निवड नेहमी ओळीच्या कायमच्या आयडीने साठवावी, आणि त्यासाठी ईसीएमएस्क्रिप्ट २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये असलेला ‘सेट’ हा प्रकार सोयीचा आहे. प्रचलित ग्रिड लायब्ररींमध्ये, म्हणजे ग्रिडसाठीच्या तयार कोडसंचांमध्ये, ही सोय आहे, पण प्रत्येकीत ती आपोआप लागू होत नाही. टॅनस्टॅक टेबलमध्ये ‘गेट-रो-आयडी’ हे फंक्शन आपण दिले नाही, तर ओळीचा इंडेक्सच आयडी म्हणून वापरला जातो. आपल्या पत्रातले वर्णन वाचून याच गोष्टीचा संशय प्रथम येतो. एजी ग्रिडमध्येही त्याच नावाचे फंक्शन आहे आणि ते देणे हिताचे असते. एमयूआय एक्स डेटा ग्रिड प्रत्येक ओळीत ‘आयडी’ नावाचे फील्ड असावे अशी अपेक्षा धरतो, आणि ते नसेल तर तसे फंक्शन मागतो.

आयडी वापरूनही टिक हरवत असेल तर दोन जागा तपासाव्यात. पहिली म्हणजे आयडीचा प्रकार. सेटच्या दृष्टीने ५०३ ही संख्या आणि ५०३ ही स्ट्रिंग या दोन वेगळ्या किमती आहेत. सर्व्हरकडून संख्या येते, चेकबॉक्सच्या ‘व्हॅल्यू’मधून स्ट्रिंग येते, आणि दोन्ही सारख्याच दिसत असल्यामुळे चूक डोळ्यांना सापडत नाही. दुसरी जागा म्हणजे आभासी स्क्रोलिंग. मोठ्या याद्यांमध्ये ग्रिड प्रत्यक्षात थोड्याच ओळींचे घटक पानावर ठेवतो आणि वापरकर्ता खाली सरकला की तेच घटक पुढच्या ओळींसाठी वापरतो. टिक जर त्या घटकातच राहत असेल, ॲपने वेगळ्या साठवलेल्या स्थितीतून (स्टेटमधून) वाचली जात नसेल, तर ती घटकाबरोबर दुसऱ्या ओळीला चिकटते.

आता दुसऱ्या, अधिक अवघड भागाकडे वळू. फिल्टर बदलल्यावर निवडीचे काय करावे, याची तीन धोरणे संभवतात. निवड पूर्णपणे पुसावी. निवड जशीच्या तशी ठेवावी. किंवा निवड ठेवावी, पण कारवाई फक्त निवडलेल्या आणि सध्या दिसणाऱ्या ओळींवर करावी. पहिले धोरण सर्वांत सुरक्षित वाटते आणि म्हणूनच पुष्कळ ठिकाणी घाईने स्वीकारले जाते. पण आपल्या सहकाऱ्याने केले तसे काम, म्हणजे एका फिल्टरमधून काही आणि दुसऱ्या फिल्टरमधून काही अर्ज गोळा करून सर्वांवर एकदम कारवाई करणे, हा ग्रिडचा अगदी न्याय्य उपयोग आहे. पहिल्या धोरणात तो अशक्य होतो. शोधाच्या चौकटीत एक अक्षर टाइप करताच आधी केलेली वीस-पंचवीस ओळींची निवड उडाली, तर वापरकर्ता त्या चौकटीकडे पुन्हा फिरकणार नाही.

तिसरे धोरण वरवर समंजस दिसते, पण त्यात फिल्टरचा अर्थ बदलतो. ‘मला काय पाहायचे आहे’ हे सांगणारे साधन ‘कारवाई कशावर करायची’ हेही गुपचूप ठरवू लागते. निवडलेल्या बारा अर्जांपैकी आठांवरच कारवाई झाली, हे वापरकर्त्याला दुसऱ्या दिवशी कळते. तरीही काही कामांसाठी हे धोरण योग्य आहे, आणि टॅनस्टॅक टेबल त्यासाठी दोन वेगळे संच पुरवतो: एक सर्व निवडलेल्या ओळींचा, दुसरा फिल्टरमधून उरलेल्या निवडलेल्या ओळींचा. बटणाच्या मागे यांतला कोणता संच जोडला आहे हे कोड वाचणाऱ्याला एका शब्दाच्या फरकावरून ओळखावे लागते, म्हणून कोड तपासताना त्या ओळीवर थांबावे.

माझे मत दुसऱ्या धोरणाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: न दिसणारी निवड वापरकर्त्याला सतत दिसली पाहिजे. ग्रिडच्या वर ‘१२ अर्ज निवडले आहेत, त्यांपैकी ४ सध्याच्या फिल्टरमध्ये दिसत नाहीत’ असे वाक्य असावे आणि त्याच्या शेजारी दोन दुवे असावेत: ‘निवडलेले तेवढेच दाखवा’ आणि ‘निवड रद्द करा’. बटणावरही नुसते ‘रद्द करा’ न लिहिता ‘१२ अर्ज रद्द करा’ असे लिहावे. परत न फिरवता येणाऱ्या कारवाईपूर्वी जी खात्रीची खिडकी उघडते, तिच्यात ‘आपली खात्री आहे का?’ असा निरर्थक प्रश्न विचारण्यापेक्षा त्या बारा अर्जांची यादी द्यावी आणि न दिसणारे चार तिच्यात सर्वांत वर ठेवावेत. आपल्या सहकाऱ्याला ती यादी दिसली असती, तर पुढचा प्रकार टळला असता.

प्रश्न: शीर्षकातील चेकबॉक्सवर टिक केली की नेमके काय निवडले जावे? चालू पान, फिल्टरमध्ये बसणाऱ्या सर्व ओळी की संपूर्ण तक्ता? आमच्याकडे पाने सर्व्हरवरून येतात आणि एकूण ओळी ८० हजारांच्या वर आहेत. सर्व आयडी ब्राउझरमध्ये आणणे परवडत नाही.

उत्तर: तिन्ही अर्थ वैध आहेत, त्यामुळे कोणताही एक गृहीत धरून गप्प बसणे योग्य नाही. एजी ग्रिडमध्ये हेच तीन अर्थ वेगवेगळे पर्याय म्हणून मांडलेले आहेत. वापरकर्त्याच्या बाजूने पाहिले तर जीमेलची पद्धत बहुतेकांच्या परिचयाची आहे: पहिल्या टिकेने फक्त समोरच्या पानावरची संभाषणे निवडली जातात, आणि मग वरच्या पट्टीत ‘या शोधाशी जुळणारी सर्व संभाषणे निवडा’ अशा आशयाचा दुवा येतो. डोळ्यांसमोर नसलेल्या ओळी निवडण्यासाठी वेगळी, जाणीवपूर्वक केलेली दुसरी क्लिक लागते, हे तिच्यातले मर्म आहे. आपणही तेच करावे.

ती दुसरी क्लिक झाल्यावर ८० हजार आयडी कोठेही आणण्याची गरज नाही. अशा वेळी निवड म्हणजे आयडींची यादी राहत नाही, ती एक अट होते: ‘या फिल्टरमध्ये बसणाऱ्या सर्व ओळी, अमुक अपवाद वगळून’. वापरकर्त्याने नंतर तीन ओळींवरची टिक काढली, तर त्या तीन आयडी अपवादांच्या यादीत जातात. एमयूआय एक्स डेटा ग्रिडच्या ८ व्या आवृत्तीपासून निवडीची रचना नेमकी अशीच झाली आहे. तिच्यात ‘समाविष्ट’ की ‘वगळलेले’ हे सांगणारा प्रकार असतो आणि सोबत आयडींचा सेट असतो. स्वतःचा ग्रिड लिहिणाऱ्यांनीही आरंभापासून हीच रचना घ्यावी, कारण साध्या यादीवर आधारलेले कोड नंतर या रचनेत आणताना जवळजवळ प्रत्येक बटणाला हात लावावा लागतो.

आयडींची लांबलचक यादी सर्व्हरकडे पाठवण्यात आणखी एक अडथळा आहे, आणि तो चाचणीत कधीच सापडत नाही, कारण चाचणीचा डेटा लहान असतो. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस एका विनंतीत (क्वेरीत) २,१०० पर्यंतच पॅरामीटर, म्हणजे सोबत दिलेल्या किमती, स्वीकारतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या प्रोटोकॉलमध्ये ही मर्यादा ६५,५३५ आहे. मोठी निवड झाली, की क्वेरी एके दिवशी थेट अपयशी ठरते. अट पाठवली तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

मात्र अट पाठवण्यात एक वेगळा धोका आहे. वापरकर्त्याने ‘सर्व ४,३१२ ओळी’ निवडल्या, आणि बटण दाबेपर्यंत दुसऱ्या कोणी त्या फिल्टरमध्ये बसणाऱ्या दहा नव्या ओळी जोडल्या, तर त्याही कारवाईत सापडतील. यावर साधा आणि पुरेसा उपाय असा, की ब्राउझरने अटीबरोबर अपेक्षित संख्याही पाठवावी. सर्व्हरने कारवाईच्याच ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसमधील एकसंध व्यवहाराच्या) आत प्रत्यक्ष संख्या मोजावी आणि दोन्ही जुळत नसतील तर कारवाई न करता नवी संख्या परत कळवावी. एक ओळ जाऊन दुसरी आली तर संख्या जुळेल, हे खरे. जेथे तेवढाही फरक चालणार नाही, तेथे निवडीच्या क्षणीच सर्व्हरवर आयडींची यादी गोठवून तिचा संदर्भ क्रमांक ब्राउझरला द्यावा.

त्याहून मोठी खबरदारी रिकाम्या फिल्टरबाबत घ्यावी लागते. फिल्टर नाही याचा अर्थ ‘सर्व ओळी’ असा होतो, आणि एखाद्या बगमुळे फिल्टरचे ऑब्जेक्ट रिकामे पोचले तर पुसण्याची आज्ञा संपूर्ण तक्त्यावर चालते. सर्व्हरने रिकामा फिल्टर कधीही ‘सर्व’ असा वाचू नये. संपूर्ण तक्ता हवा असेल तर तसे सांगणारा वेगळा ध्वज विनंतीत स्पष्टपणे असलाच पाहिजे.

शीर्षकातील चेकबॉक्सच्या दिसण्याविषयी थोडे. काही ओळी निवडल्या असतील तर तो अर्धवट अवस्थेत, म्हणजे आडव्या रेघेसह दिसावा. ही अवस्था एचटीएमएलमधील ॲट्रिब्यूटने देता येत नाही. ‘इनडिटर्मिनेट’ ही प्रॉपर्टी जावास्क्रिप्टमधून द्यावी लागते. आणि फिल्टरमध्ये एकही ओळ उरली नाही तरी शीर्षकात पूर्ण टिक दिसते, ही तक्रार दोन पत्रांत आहे. तिचे कारण असे, की सर्व घटक अटीत बसतात का हे पाहणारी जावास्क्रिप्टमधील ‘एव्हरी’ ही पद्धत रिकाम्या ॲरेवर (यादीवर) नेहमी ‘ट्रू’ देते. ओळींची संख्या शून्याहून अधिक आहे, ही अट सोबत जोडली की काम झाले.

प्रश्न: शिफ्ट धरून क्लिक केल्यावर मधल्या ओळी निवडल्या जातात, पण फिल्टर लावलेला असताना लपलेल्या ओळीही निवडल्या जातात. हे योग्य आहे का?

उत्तर: नाही. पट्ट्याची निवड ही डोळ्यांनी केलेली निवड आहे, म्हणून ती सध्याच्या फिल्टरनंतर आणि सध्याच्या क्रमाने जी यादी समोर आहे, तिच्यावरच मोजली पाहिजे. सुरुवातीची ओळही आयडीनेच लक्षात ठेवावी; फिल्टर बदलून ती यादीतून गेली असेल, तर शिफ्टसह केलेली क्लिक साधी क्लिक समजावी.

प्रश्न: ‘स्थिती ‘पूर्ण’ नाही’ असा फिल्टर लावला, की ज्या ओळींत स्थिती भरलेलीच नाही त्या गायब होतात. हाच फिल्टर पूर्वी ब्राउझरमध्ये चालत असे तेव्हा त्या दिसत होत्या. तसेच ‘१५ तारखेपर्यंत’ असा फिल्टर लावल्यावर १५ तारखेच्या बहुतेक नोंदी येत नाहीत.

उत्तर: फिल्टर ब्राउझरमधून सर्व्हरवर हलवला, की दोन भाषांच्या तर्कशास्त्रांतला फरक उघडा पडतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘नल’ची, म्हणजे न भरलेल्या किमतीची, ‘पूर्ण’ या स्ट्रिंगशी तुलना केली तर ते वेगळे आहेत असे स्वच्छ उत्तर मिळते. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेत मात्र तर्क तीन किमतींचा आहे: खरे, खोटे आणि अज्ञात. ‘नल’ची कशाशीही तुलना केली की उत्तर ‘अज्ञात’ येते, आणि क्वेरीतील ‘व्हेअर’ ही अट फक्त ‘खरे’ ठरलेल्या ओळी पुढे सोडते. त्यामुळे रिकाम्या ओळी ‘पूर्ण आहे’ या फिल्टरमध्येही येत नाहीत आणि ‘पूर्ण नाही’ या फिल्टरमध्येही येत नाहीत. दोन्ही फिल्टरांतील संख्यांची बेरीज एकूण संख्येशी जुळत नाही, आणि वापरकर्ता डेटा हरवल्याची तक्रार करतो. क्वेरीत ‘किंवा स्थिती नल आहे’ ही अट स्पष्टपणे जोडावी. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये यासाठी ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ ही तुलना उपलब्ध आहे. ओरॅकल हा डेटाबेस वापरत असाल तर तो रिकामी स्ट्रिंगदेखील नल मानतो, याची नोंद ठेवा. फिल्टरच्या यादीत ‘(रिकामे)’ असा स्वतंत्र पर्याय द्यावा, म्हणजे वापरकर्त्याला जे हवे ते तो स्वतःच सांगू शकेल.

तारखेचा प्रश्न याहून सोपा आहे. ‘१५ तारखेपर्यंत’ याचे रूपांतर ‘१५ तारखेच्या ००:०० पर्यंत’ असे झाले आहे, त्यामुळे त्या दिवशीच्या मध्यरात्रीनंतरच्या सर्व नोंदी बाहेर पडतात. शेवट २३:५९:५९ असा लिहिण्याचा मोह टाळावा, कारण सेकंदाच्या अंशातल्या नोंदी तरीही सुटतात. सुरुवातीच्या दिवसाला सामावून घेणारी आणि शेवटच्या दिवसाच्या पुढील दिवसापेक्षा कमी, अशी अट घालावी. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये ‘२०२४-०५-१५’ या नमुन्याची नुसती तारीख ‘डेट’ला दिली तर ती यूटीसीमधली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, मानली जाते, आणि तिलाच वेळ जोडला पण टाइम झोन दिला नाही तर स्थानिक मानली जाते. दिवसाची सीमा कोणत्या टाइम झोनमध्ये मोजायची हे सर्व्हर आणि ब्राउझर या दोघांनी एकच ठरवले पाहिजे.

प्रश्न: आमच्या ग्रिडमध्ये मराठी मजकूर आहे. शोधाच्या चौकटीत टाइप केलेला शब्द समोरच्या ओळीत जसाच्या तसा दिसत असतानाही फिल्टर ती ओळ वगळतो. असे का व्हावे?

उत्तर: कारण पडद्यावर एकच दिसणारा मजकूर आत निरनिराळ्या संकेतांकांनी लिहिलेला असू शकतो. ‘ॲप’ या शब्दातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये ०९७२ या एका संकेतांकाने लिहिता येते, आणि ‘अ’ला म्हणजे ०९०५ ला चंद्राचे ०९४५ हे चिन्ह जोडूनही लिहिता येते. ०९७२ हा संकेतांक युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आला. जुन्या डेटात आणि काही कीबोर्डांमध्ये जोडून लिहिलेले रूपच आढळते, आणि कधीकधी ‘अ’ आणि चंद्र यांच्या मध्ये शून्य रुंदीचा जोडक हे अदृश्य चिन्हही असते. यातली मेख अशी, की ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत असे युनिकोड मानत नाही. त्यामुळे समतुल्य रूपे एकसारखी करणारी जावास्क्रिप्टमधील ‘नॉर्मलाइझ’ ही पद्धत कितीही वेळा चालवली, तरी ती एक होणार नाहीत. येथे अदलाबदलीचा नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

‘ऱ’चे प्रकरण निराळे आहे. हे अक्षर ०९३१ या संकेतांकाने किंवा ‘र’ आणि नुक्ता मिळून लिहिलेले असू शकते. ही रूपे समतुल्य असल्यामुळे ‘नॉर्मलाइझ’ने एक होतात. पण ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’ आणखी एका रीतीने लिहिला जातो: साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक. हे रूप मात्र ‘नॉर्मलाइझ’ ओळखत नाही. बरेच जण यावर शोधापूर्वी सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकतात. तसे केले तर जोडक जाऊन उरते ‘दर्या’, आणि दऱ्याखोऱ्यांच्या नोंदी शोधणाऱ्याला समुद्राच्या नोंदी मिळतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी ‘र, हलन्त, जोडक’ या त्रिकुटाचे ‘ऱ आणि हलन्त’ करावे, मग ‘अ’ आणि चंद्र यांच्या मधला जोडक काढून त्या जोडीचे ‘ॲ’ करावे, त्यानंतर उरलेली अदृश्य चिन्हे काढावीत आणि शेवटी ‘नॉर्मलाइझ’ चालवावे.

ही सारी प्रक्रिया मूळ मजकुरावर करू नये. शोधासाठी वेगळा स्तंभ ठेवून त्यात प्रक्रिया केलेले रूप साठवावे, त्याच स्तंभावर डेटाबेसचा इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) बांधावा आणि वापरकर्त्याने टाइप केलेला शब्दही त्याच फंक्शनमधून जाऊ द्यावा. देवनागरी (१, २, ३) आणि इंग्रजी (1, 2, 3) अंकांचे एकीकरणही याच फंक्शनमध्ये करून टाकावे, नाहीतर एका पद्धतीने लिहिलेला क्रमांक दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडणार नाही. अनुस्वार आणि परसवर्ण यांना एक मानायचे का, हा मात्र तंत्राचा प्रश्न नाही. ज्यांचा डेटा आहे त्यांनाच तो विचारावा.

प्रश्न: शोधाच्या चौकटीत भराभर टाइप केले की काही वेळा अर्ध्या शब्दाचे निकाल शेवटी येऊन बसतात आणि आधीची निवडही जाते.

उत्तर: प्रत्येक अक्षरामागे एक विनंती जात असेल, तर उत्तरे विनंत्यांच्याच क्रमाने येतील याची हमी नसते. टाइप करणे थांबल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी विनंती पाठवल्याने गर्दी कमी होते, पण दोष मिटत नाही; तो फक्त दुर्मीळ होतो आणि दुर्मीळ दोष शोधणे अधिक कठीण असते. नवी विनंती पाठवताना जुनी ‘ॲबॉर्ट-कंट्रोलर’ने रद्द करावी आणि प्रत्येक विनंतीला चढता क्रमांक देऊन शेवटच्या क्रमांकाचेच उत्तर स्वीकारावे.

निवड जाण्याचे कारण वेगळे आहे. नवी पाने आली की काही ग्रिड हातातल्या ओळींत नसलेल्या आयडी निवडीतून काढून टाकतात. एमयूआय एक्स डेटा ग्रिडमध्ये ‘कीप-नॉन-एक्झिस्टंट-रोज-सिलेक्टेड’ हा पर्याय चालू केला की त्या टिकून राहतात. मग निवडलेल्या ओळींची नावे खात्रीच्या खिडकीत दाखवायची, तर त्या ओळी हाताशी असल्या पाहिजेत. म्हणून निवडीच्या क्षणी आयडीबरोबर दाखवण्यापुरते एक-दोन स्तंभ वेगळे जपावेत. फिल्टर बदलताच पान क्रमांक पहिल्यावर आणायला विसरू नये. सातव्या पानावर असताना दोनच पानांचा निकाल आला, तर ग्रिड रिकामा दिसतो आणि वापरकर्ता फिल्टरला दोष देतो.

प्रश्न: स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना फिल्टर आणि निवड यांतले काहीच कळत नाही, अशी तक्रार आली आहे. कोठून सुरुवात करावी?

उत्तर: एरिया (ARIA) म्हणजे पानावरील घटकांची ओळख आणि अवस्था स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या ॲट्रिब्यूटांचा संकेत. त्यातील ॲट्रिब्यूटांपासून सुरुवात करावी: ग्रिडला ‘एरिया-मल्टिसिलेक्टेबल’, निवडता येणाऱ्या प्रत्येक ओळीला ‘एरिया-सिलेक्टेड’ आणि आभासी स्क्रोलिंग असेल तर ‘एरिया-रोकाउंट’ व ‘एरिया-रोइंडेक्स’ द्यावेत, शेवटचे दोन नसतील तर हजारो ओळींची यादी पानावर असलेल्या मोजक्याच ओळींची असल्यासारखी वाचली जाते. ओळींच्या चेकबॉक्सना नुसते ‘निवडा’ असे नाव न देता ‘अर्ज ५०३ निवडा’ असे द्यावे. कीबोर्डसाठी एरियाच्या ग्रिड नमुन्यात शिफ्ट आणि स्पेस यांनी ओळ निवडण्याचा संकेत आहे. तो मोडून नवा काढू नये.

फिल्टर लावल्यानंतर किती ओळी उरल्या हे डोळस वापरकर्त्याला आपोआप दिसते, इतरांना ते सांगावे लागते. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमधील ४.१.३ हा निकष याच स्थितिदर्शक संदेशांविषयी आहे. ‘स्टेटस’ ही भूमिका दिलेला एक घटक पान उघडतानाच रिकामा ठेवावा आणि निकाल आल्यावर त्यात ‘३८ अर्ज सापडले, १२ निवडलेले, त्यांपैकी ४ दिसत नाहीत’ असे वाक्य भरावे. पहिल्या प्रश्नात सुचवलेले वाक्य हेच आहे, त्यामुळे ते दोनदा लिहिण्याची गरज नाही. दिसणारे वाक्यच या घटकात ठेवावे. मात्र ते निकाल स्थिरावल्यावर एकदाच बदलावे, कारण प्रत्येक अक्षरागणिक बदलले तर स्क्रीन रीडर आधीची संख्या अर्धवट तोडून नवी वाचू लागतो आणि टाइप करणाऱ्याला स्वतःचे अक्षरही ऐकू येत नाही.